माझी प्रस्तावना काकीनं लिहिली

इंग्रजी कादंबरीचा उदय हा विषय मी सांगलीच्या एका कॉलेजात शिकवते, तासिका तत्त्वावर. वर्गात पंधरा-वीस जण असतात. त्यातले निम्मे बी.एड.ला नंबर लागला नाही म्हणून आलेले असतात, आणि मुली बहुतेक लग्न ठरेपर्यंत. त्या काळातल्या कादंबऱ्यांशी यांचं काही देणंघेणं नाही आणि मीही तसा आव आणत नाही. मी धडा सांगते, ते मोबाईल बघतात, हजेरी लागते.

फक्त एका जागी माझा आवाज चढतो. प्रस्तावनेच्या जागी. त्या काळचे लेखक कादंबरीला कादंबरी म्हणायला लाजत. पुस्तकाच्या सुरुवातीला प्रस्तावना घालून शपथेवर सांगत, की वाचकहो, ही रचलेली गोष्ट नाही. ही बाई खरोखर होऊन गेली, तिनं आपल्या तोंडानं हे सगळं सांगितलं, मी फक्त चार चुका दुरुस्त केल्या. धडधडीत थाप. मग सगळं पुस्तक 'मी, मी' करत चालायचं. मी अमक्या गावी जन्मले, मी तमक्या घरी कामाला लागले, माझ्यावर असा प्रसंग आला.

दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, आणि लोकांना खरं वाटायचं? एवढे येडे होते?"

येडे नव्हते, मी सांगते. खरं मानणं सोयीचं असलं की शहाणा माणूससुद्धा खरं मानतो. हे वाक्य पुस्तकात नाही, परीक्षेत लिहू नका. पोरं हसतात आणि तास संपतो. मला हे कुठून कळलं ते मी त्यांना सांगत नाही. मुलांसमोर सांगण्यासारखं ते नाही, आणि खरं म्हणजे त्यांनी विचारलेलंही नाही.

आमचं गाव तासगावपासून जवळ. वडील फौजेतून रिटायर होऊन तासगावात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहायचे. शेजारच्या दारात काका-काकी, मधे एक भिंत. काकी म्हणजे गावातली सगळ्यांत मायाळू बाई. तिला कुणाचं दुःख बघवत नसे, म्हणून ते बघायला ती सगळ्यांच्या आधी धावायची. कुणाच्या घरात भांडण झालं, कुणाची पोर माघारी आली, की काकी चहा-साखरेची पुडी घेऊन हजर. लोक म्हणायचे, असं माणूस मिळत नाही. मीही म्हणायचे.

द्राक्षांचा हंगाम आला की आई आणि काकी बेदाण्याच्या शेडवर जात. मी तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, रोज एस.टी.नं सांगलीला जात होते. सुट्टीच्या दिवशी मीही शेडवर जायचे. जाळ्यांवर वाळलेली द्राक्षं झाडून, गंधकाचा वास अंगावर घेऊन एका लांब टेबलावर येऊन पडत, आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या दहा-बारा बाया त्यातल्या काड्या आणि काळे मणी वेचत. बेदाण्यानं बोटं इतकी चिकट होतात की मोबाईल हातात धरता येत नाही. त्यामुळे अजून तरी त्या टेबलावर माणसाच्या तोंडच्या गोष्टीला किंमत होती.

कॉलेजात हा विषय शिकवणाऱ्या आमच्या सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं: घरातल्या अडाणी माणसाला सांगता आलं नाही, म्हणजे तुम्हाला कळलं नाही. सरांनी स्वतः कधी घरात कुणाला काही सांगितलं असेल असं वाटत नाही, पण मी ते मनावर घेतलं. त्या शतकातल्या दोन-तीन कादंबऱ्यांचं मी एकच कालवण केलं आणि टेबलावर वाढलं. एक अनाथ मुलगी, मोठ्या घरात कामाला लागलेली, त्या घरातल्या मुलाची तिच्यावर नजर. असल्या मुलींनी त्या काळची सगळी कादंबरी भरलेली आहे.

"एक मुलगी होती," मी सुरू केलं.

"कुनाची?" एका बाईनं विचारलं.

"कुठली?" दुसरीनं.

मी इंग्लंडमधल्या त्या गावाचं नाव सांगितलं. सगळ्या एकमेकींकडं बघून हसल्या. असलं कुठं गाव असतं का, म्हणाल्या. दोन वाक्यांत त्यांचं लक्ष उडालं आणि गप्पा पुन्हा कुणाच्या तरी सुनेवर गेल्या. तेव्हा काकीच माझ्या मदतीला आली.

"आगं, गावाबिगर मानूस आसतंय व्हय? सांगली म्हन. सांगली समद्यास्नी ठावं हाय."

मग मी सांगली म्हटलं. आणि पुस्तकात असतं तसं 'मी' म्हणून सांगायला लागले. मी आईबापाविना वाढलेली पोर. पत्र्याची पेटी घेऊन मी सांगलीला एका बंगल्यात कामाला आले. मालकीण जीव लावायची, पण ती वारली. बंगल्यात मी आणि मालकाचा थोरला पोरगा. 'ती' म्हणत होते तोवर एक बाई ऐकत नव्हती. 'मी' म्हटलं आणि टेबलावरचे सगळे हात थांबले. इंग्रजी कादंबरीचा उदय कशामुळे झाला यावर ग्रंथालयात कपाटभर पुस्तकं होती. मला ते बेदाणे वेचता वेचता कळलं, आणि त्या दिवशी मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता.

मग प्रत्येक सुट्टीला गोष्ट पुढं सरकायची. अवघड जागी आणून मी ती तोडायची, आणि बाया शिव्या द्यायच्या. सगळ्यांत जास्त जीव काकीचा अडकला होता. आमच्या घरी मीठ मागायला आली तरी दारातच विचारायची.

"जिन्यात हात धरला म्हनलीस. मग तू काय केलंस?"

ती 'तू'च म्हणायची. टेबलावर सगळ्याच म्हणायच्या. कुणाला फसवलं नव्हतं. हा खेळ आहे हे लहान पोरालाही कळलं असतं, आणि रोज संध्याकाळी मी सांगलीहून घरी येते हे अख्ख्या गावाला दिसत होतं.

त्याच दिवसांत मला मलकापूरचं स्थळ आलं. कराडला लागून असलेलं मलकापूर. मुलगा हायस्कूलमध्ये शिक्षक. बघायला आला तेव्हा त्यानं मला स्वयंपाकाचं विचारलं नाही. काय वाचता, म्हणाला. मी सांगायला लागले आणि थांबायचं विसरले. आई दाराआडून खुणा करत होती. तो ऐकत होता, मधेच हसत होता, आणि शेवटी आपल्या आईच्या देखत म्हणाला, "परीक्षा लग्नानंतरही द्या. पुढं सेट द्यायची असली तरी माझी ना नाही."

मला तो आवडला. आडवळणानं कशाला सांगू, फार आवडला. त्या आठवड्यात एस.टी.च्या काचेत मी माझा चेहरा बघत होते. आमच्यात शिकलेल्या मुलीला दोनच वाटा असतात, शिक्षण सोडायचं नाहीतर घर सोडायचं. मला दोन्ही मिळणार होतं. आई देवापुढं साखर ठेवून आली. वडील बँकेच्या दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

पण आमच्याकडं पसंती झाली म्हणजे लग्न ठरलं असं नसतं. सुपारी फुटायच्या आधी मुलाच्या बाजूचं कुणीतरी, बहुतेक मामा, चौकशीला येतो. तो मुलीच्या घरी जात नाही. घरी विचारल्यावर कोण वाईट सांगेल? तो डेअरीवर उभा राहतो, पिठाच्या गिरणीत बसतो, आपण कोण ते न सांगता सहज विषय काढतो. ही रीत सगळ्यांना ठाऊक असते. हंगामात अनोळखी पांढऱ्या कपड्यातला माणूस गावात दिसला, की बाया ओळखतात कुणाचं तरी ठरत आलंय.

त्याचा मामा शेडवर आला. मी त्या दिवशी कॉलेजला होते. माल बघायला आलोय म्हणाला, मूठभर बेदाणे हातात घेऊन फिरवले, आणि टेबलाच्या ज्या टोकाला काकी बसली होती तिथं येऊन टेकला. आई दुसऱ्या टोकाला होती. तिला वाटलं, व्यापारी आहे.

"इथली येक पोरगी सांगलीला शिकाया जातीया म्हनं," मामा म्हणाला. "कशी हाय?"

काकीनं हात पुसले. पुढचं सगळं बायांकडून ऐकून आईनं मला संध्याकाळी सांगितलं, कपाळावर हात मारत.

"पोरगी ग्वाड हाय," काकी म्हणाली. मग एक उसासा टाकला. "पर सांगलीत लय सोसलंय वो बिचारीनं."

"म्हंजी?"

"मी कशाला सांगू? माझी पुतनी हाय ती. तिनं सोताच्या तोंडानं सांगिटलंय, या समद्यांच्या म्होरं. ह्यास्नीच इचारा."

मामानं विचारलं. आणि बायांनी सांगितलं. कुणी एक अक्षर खोटं बोललं नाही. बंगल्यात कामाला हुती म्हनली. मालकाच्या पोरानं जिन्यात हात धरला म्हनली. येक रात कोठीच्या खोलीत कोंडून घातली हुती म्हनली. इतके दिवस त्या ऐकत होत्या, आता त्यांची सांगायची पाळी होती, आणि ऐकणारा नवा होता. मी सांगायचे त्यापेक्षा त्यांनी छान सांगितलं असेल.

आईच्या कानावर ते उशिरा गेलं. ती उठून धावत आली. "आवं पावनं, ती गोष्ट हाय! पुस्तकातली! इंग्लिश पुस्तकातली!"

मामानं शांतपणे विचारलं, "इंग्लिश पुस्तकात सांगलीचा बंगला कुठनं आला?"

आईला उत्तर आलं नाही. तिनं काकीकडं बघितलं. काकी काळे मणी वेचत होती.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मला वाटलं होतं, तो हसेल. त्याला मी त्याच कादंबऱ्यांबद्दल सांगितलं होतं, त्याच मुलीबद्दल. तो हसला नाही, पण अडखळलाही नाही.

"मला ठाऊक आहे, ती कादंबरीतली गोष्ट असणार," तो म्हणाला. "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण दहा जणींनी सांगितलंय, आणि मामा घरातले मोठे. मी कुणाकुणाला समजावू?"

"एकाला समजावलं असतं तरी चाललं असतं," मी म्हटलं.

"कुणाला?"

मी फोन ठेवला. विश्वास आहे असं सांगून माघारी जाणाऱ्या माणसापेक्षा मामा बरा. त्याला निदान खरंच शंका आली होती.

वडिलांचं वेगळंच. फौजेत अफवेवर गोळी झाडत नाहीत, असं ते नेहमी सांगायचे. घराला तो नियम लागू नव्हता. मी एकही रात्र सांगलीत राहिले नव्हते. साडेपाचच्या गाडीनं मी उतरायचे तेव्हा कितीदा ते स्वतः स्टँडवर सायकल घेऊन उभे असायचे. त्यांना सगळं माहीत होतं. तरी ते म्हणाले, "बस. फैसला झाला. सांगली बंद." आईनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा त्यांनी हात वर केला. मी त्या रात्री जेवले नाही, दुसऱ्या दिवशी जेवले. भूक लागतेच.

ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला एकदाच सांगलीला गेले. आई बरोबर होती. सर भेटले, त्यांना झालं ते सांगितलं. कुणालातरी सांगावं आणि त्यानं निदान चुकचुकावं, एवढीच इच्छा होती. सरांचा चेहरा उजळला.

"वा! अहो, हे तर आपल्या युनिटचं जिवंत उदाहरण! प्रस्तावना, साक्षीदार, प्रथमपुरुषी निवेदन, सगळं आलं. सेमिनारला मांडा."

"सर, माझं कॉलेज बंद केलंय घरच्यांनी."

"अरेरे," सर म्हणाले. मग दोन पावलं गेल्यावर वळून विचारलं, "त्या लाल बांधणीच्या पुस्तकाची पानं सगळी आहेत ना?"

दिवाळीच्या आत मलकापूरचं ते स्थळ काकीच्या पोरीला झालं. माझी चुलत बहीण बारावी होऊन घरी बसलेली, साधी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिचा यात काडीचा दोष नाही, आणि म्हणूनच तिच्यावर रागावताही येत नाही, याचा मला फार राग येतो. काकी पेढे घेऊन आमच्या दारात आली. आईला म्हणाली, "आपल्या घरात आल्यालं स्थळ भाईर कशापायी घालवायचं? तुज्या पोरीचं न्हाई झालं, तर माजी काय परकी हाय?"

आईनं पेढा घेतला. मी आईला ते कधी माफ केलं नाही. पण काय करणार होती ती? पाहुण्यासमोर तिला उत्तर आलं नाही, तसं पेढ्यासमोरही आलं नाही.

लग्नात काकीनं मला करवली केलं. सख्खी बहीण नाही, तर तूच, म्हणाली, आणि गालावरून हात फिरवला. मी नवी साडी नेसून नवरीच्या मागं दिवा घेऊन उभी राहिले. नवरदेवानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर वळवली. मामा मंडपात जेवणाची पंगत बघत फिरत होता. मला म्हणाला, "पोरी, पोटभर जेव." त्याला माझी खरंच दया आली असावी, आणि ती दया मला आजही अंगावरच्या पालीसारखी वाटते.

पुढच्या हंगामात मी रोज शेडवर होते. सुट्टी आणि कॉलेज हा फरक राहिला नव्हता. एम.ए. मी पुढं बहिःस्थ म्हणून बसून पूर्ण केलं, ती हकिकत वेगळी आणि कंटाळवाणी आहे. त्या दिवसांत मी फक्त काड्या वेचत होते. माझ्यासमोर कुणी गोष्टीचा विषय काढत नसे. बाया माझ्या ताटात जास्तीची भाजी वाढायच्या, एवढंच.

काकीला मात्र राहवलं नाही. एका दुपारी, डबे धुऊन आम्ही परत बसलो आणि तिनं सगळ्यांच्या देखत विचारलं.

"आगं, तुजी ती गोष्ट अर्दीच ऱ्हायली की. कोठीच्या खोलीत कोंडली हुती, तितपत्तर सांगिटलीस. म्होरं काय झालं तिचं?"

आई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिचे हात थांबलेले मी बघितले. काकीच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. नुसती उत्सुकता. तिला खरोखर पुढचं ऐकायचं होतं.

मग मी सांगितलं. त्या खोलीतून मी सुटले, म्हटलं. एका मास्तरचं स्थळ आलं, पसंती झाली, माझी पुस्तकं पेटीत भरून झाली. आणि तेवढ्यात घरातल्याच एका बाईनं, जिच्या ताटात मी जेवत होते तिनं, अनोळखी पाहुण्याला माझं नको ते सांगितलं. लग्न मोडलं. घरच्यांनी दार बंद केलं. इथून पुढं मी 'मी' म्हणायचं सोडलं आणि 'ती' म्हणायला लागले, कारण मेलेली बाई 'मी' म्हणत नाही. तिनं अन्न सोडलं. पेटीतली पुस्तकं उशाला घेऊन ती झोपून राहायची. एक दिवस पहाटे तिला हाक मारली तर तिनं ओ दिली नाही.

हे कुठल्याही पुस्तकात नाही. मी कालवलेल्या कादंबऱ्यांत ती कधीच मरत नाही. सगळीकडं तिचं शेवटी भलं होतं, घर मिळतं, गाडी मिळते, मुलं होतात. मी तिला मारली. मला काकीचं तोंड बघायचं होतं.

बायांनी माना खाली घातल्या होत्या. एकीनं चोरून काकीकडं बघितलं, मग दुसरीनं. काकीला ते दिसलं नाही, कारण तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. चिकट हात डोळ्याला लागू नयेत म्हणून ती दंडानं डोळे पुसत होती. माझं लग्न मोडलं तेव्हा ती रडली नव्हती. चहा-साखरेची पुडी घेऊन आली होती, पण रडली नव्हती.

"कोन गं ती भवानी?" ती म्हणाली. "जिच्या ताटात जेवली तिनंच? तिच्या जिभंला किडं पडतील, बघ तू. देव काय आंदळा न्हाई."

मी एक काडी वेचून बाजूला टाकली. काकीनं हुंदका आवरला, माझ्याकडं बघितलं, आणि अगदी हळू आवाजात, भीत भीत विचारलं, "खरंच झालं हुतं व्हय गं आसं?"

वर्षभर मी या क्षणाची वाट बघत होते, हे मला तेव्हाच कळलं. आणि तो आला तेव्हा माझ्याकडं द्यायला काहीच नव्हतं. आई टेबलाच्या त्या टोकावरून माझ्याकडं बघत होती.

"न्हाई काकी," मी म्हटलं. "पुस्तकातलं हाय."

"तरीच," काकी म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडलेला दिसला. तिनं पदरानं नाक पुसलं आणि नवा ढीग आपल्याकडं ओढला. "आपल्यात आसं न्हाई करत कोन."